माणसाच्या झोपेला सूट देता येत नाही: नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला खुले पत्र

प्रति,
मा. मुरलीधर मोहोळ, केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री,
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली.

सविनय नमस्कार.

मी कोरेगाव तालुक्यातला. 1986 साली वायुदलात एअरमन म्हणून भरती झालो, 28 वर्षं विमानांच्या इंजिनांवर काम केलं आणि 2014 मध्ये निवृत्त होऊन गावी परतलो. आता थोडा ऊस आहे, थोडा घेवडा आहे. आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतली माणसं गावोगाव, त्यामुळे इथून दिल्लीला पत्रं पुष्कळ जातात, बहुतेक पेन्शनची. माझी पेन्शन वेळेवर येते. हे पत्र माझ्या लेकीच्या झोपेबद्दल आहे, आणि तिच्या मागे पट्टा बांधून बसणाऱ्या दीडदोनशे माणसांबद्दल आहे. ती एका खासगी विमान कंपनीत को-पायलट आहे. मी पत्र लिहितोय हे तिला ठाऊक आहे. "अप्पा, कंपनीचं नाव मात्र लिहू नका," एवढंच ती म्हणाली. ते मी पाळतो. पण तिला असं म्हणावं लागलं, ही माझी पहिली तक्रार समजा.

मोहोळ साहेब, मंत्रालयात मराठी माणूस बसला आहे म्हणून मराठीत लिहितो. आणि आपण कोल्हापूरच्या तालमीत घडलेले आहात. रात्रभर जागलेल्या पोराला वस्ताद सकाळी मातीत उतरवत नाही, मान मोडून घेईल म्हणून. हे मी आपल्याला सांगायला नको.

वैमानिकांच्या रात्रीच्या ड्युटीच्या नियमांतून एका विमान कंपनीला सूट देण्याचा 5 डिसेंबरचा निर्णय वाचला आणि गप्प बसवेना. आधी मागचं सगळं मांडतो, कारण वर्तमानपत्रात ते तुकड्यातुकड्याने आलं आणि लोक विसरूनही गेले. वैमानिकांच्या ड्युटीचे आणि विश्रांतीचे नवे नियम आपल्याच महासंचालनालयाने 8 जानेवारी 2024 ला काढले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास केली. रात्र म्हणजे बारा ते पाच असं धरत होते, ते बारा ते सहा झालं. रात्रीच्या ड्युटीत सहापर्यंत लँडिंग चालत होती, ती दोनवर आणली. नियम चांगले होते आणि ज्यांनी केले त्यांचं मी मनापासून कौतुक करतो. ते 1 जून 2024 ला लागू व्हायचे होते. कंपन्यांनी कुरकुर केली, तारीख पुढे गेली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा कुठे दोन टप्पे ठरले: 1 जुलै 2025 आणि 1 नोव्हेंबर 2025. म्हणजे तयारीला जवळजवळ बावीस महिने मिळाले. तरी डिसेंबर उजाडल्यावर देशातल्या सर्वात मोठ्या कंपनीला वैमानिक पुरेनात. हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर लोक बॅगा उशाला घेऊन फरशीवर झोपले. त्यांचे हाल खरे होते. कुणाचं लग्न चुकलं, कुणाची परीक्षा, कुणाचं माती द्यायला पोचणं. त्यावर तोडगा काय निघाला, तर त्या कंपनीला रात्रीच्या ड्युटीच्या कलमांतून 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट. आणि रजेचा दिवस साप्ताहिक विश्रांतीत धरायचा नाही, ही सूचना तर सगळ्याच कंपन्यांसाठी मागे घेतली.

तयारी केली नाही कंपनीच्या वरिष्ठांनी, आणि त्याची भरपाई रात्री तीन वाजता कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाने आपल्या डोळ्यांनी करायची.

ते डोळे मी जवळून पाहिले आहेत. गेल्या वर्षी श्रावणात लेक पुण्याहून घरी आली. सलग दुसरी रात्र विमानात काढली होती, तीन लँडिंग झाली होती, सगळं तेव्हाच्या नियमात बसणारं. सकाळी सव्वादहाला गाडी अंगणात लागली. मी गोठ्यापाशी होतो, तिची आई देवळात गेली होती, दाराला कुलूप होतं. किल्ली कोनाड्यात असते, हे तिला लहानपणापासून माहीत. ती दारासमोर उभी राहिली, हातातला गाडीचा रिमोट कुलपासमोर धरला आणि बटण दाबलं. थांबली. पुन्हा दाबलं. मागे अंगणात गाडीचे दिवे लुकलुकत होते आणि ती कुलपाकडे बघत होती, हे उघडत का नाही म्हणून. मी हाक मारली तर ओ द्यायला तिला दोन-तीन क्षण लागले. नंतर ताटावर बसल्या बसल्या झोप लागली, भाकरीचा तुकडा बोटांत तसाच. तिच्या आईने तो हळूच काढून घेतला.

चार तासांपूर्वी याच बोटांनी विमान उतरवलं होतं. त्यानंतर याच डोळ्यांनी तिने खंबाटकीचा घाट चढून गाडी आणली होती.

पुढे एकदा तिने रीतसर कळवलं की मी थकलेली आहे, आज उड्डाण करणार नाही. त्या दिवशी तिला उड्डाणातून काढलं, ते योग्यच झालं. दोन दिवसांनी मात्र फोन आला आणि खुलासा मागितला: विश्रांतीच्या वेळेत घरी काय करत होतीस? तिच्या बरोबरीचा एक मुलगा आता थकलोय असं लिहीतच नाही, पोट बिघडलंय असं लिहितो. पोट बिघडलं तर कुणी खुलासा मागत नाही. आता आपणच सांगा, आपल्या कार्यालयात जे कागद पोचत असतील त्यांत थकवा किती दिसत असेल आणि पोटदुखी किती?

मला हे इतकं का लागलं, त्याला माझी स्वतःची एक चूक कारण आहे. ती मी आजवर घरात फक्त हिच्या आईला सांगितली होती.

1996 ची थंडी. लेक तेव्हा काही महिन्यांची, खोकल्याने बेजार. माझी रात्रपाळी होती आणि दिवसा घरी झोप झाली नव्हती, हे मी कामावर कुणाला सांगितलं नव्हतं. पहाटे चारच्या सुमारास इंजिनावरचं एक जोडकाम पूर्ण केलं. तिथल्या नटाला शेवटी लॉकिंग वायर घालावी लागते. थरथरीने नट ढिला होऊ नये म्हणून बारीक तार पीळ देऊन ओवायची असते. मी तार मापाने कापली, खिशात ठेवली, पाना जागेवर लावला, पुस्तकात काम पूर्ण झाल्याची सही केली आणि हात धुवायला गेलो. रुमालासाठी खिशात हात घातला तर बोटाला तार टोचली.

सही झाली होती. विमान सहाला जायचं होतं. त्या नळापाशी मी किती वेळ उभा होतो ते आठवत नाही. मनात हेही येऊन गेलं की गुपचूप जाऊन तार घालून यावी, कुणाला काय कळतंय. मग वॉरंट ऑफिसरांकडे गेलो आणि तार टेबलावर ठेवली. त्यांनी विमान थांबवलं, पॅनेल उघडून घेतलं, तार माझ्या हातून नाही, दुसऱ्याच्या हातून घालून घेतली आणि मला समोर बसवून चहा दिला. विचारलं, झोपलास कधी? शिक्षा झाली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उभं करून, माझं नाव न घेता, काय घडलं ते त्यांनी सांगितलं आणि तेव्हापासून आमच्या पाळीत रात्री दोननंतरच्या प्रत्येक कामावर दुसऱ्या माणसाने बोट लावून बघायचं असं ठरलं. त्या वेळी ते माझ्यावर ओरडले असते, तर पुढच्या वेळी माझ्यासारख्याने तार गुपचूपच घातली असती, किंवा घातलीही नसती.

साहेब, या क्षेत्रात 'मानवी चूक' हा शब्द फार सैल वापरला जातो. विमान पडलं की चौथ्या दिवशी तो शब्द येतो आणि लोकांना वाटतं कारण सापडलं. आमच्याकडे कारखान्याच्या हंगामात पहाटे रस्त्याकडेला उसाची ट्रॉली कलंडलेली दिसते. ड्रायव्हरला डुलकी लागली म्हणतात आणि पुढे जातात. तो कितवी खेप करत होता, ट्रॅक्टरचा हप्ता कुणाचा, त्याला झोपायला जागा तरी होती का, हे कुणी विचारत नाही. चौकशीची सुरुवात तिथून व्हायला हवी, आणि आपण तिथेच तिचा शेवट करतो.

मंगळूरचं बघा. 22 मे 2010, दुबईहून आलेलं विमान, पहाटे सहाचा सुमार, 158 माणसं गेली, आठ वाचली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज आहे. रात्री दोन ते सहा या वेळात शरीराचं घड्याळ सर्वात खाली गेलेलं असतं आणि गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू बराच वेळ जड राहतो, हे त्या चौकशी अहवालातच आलं आहे. विमान फार उंचावरून, फार वेगात उतरत होतं. को-पायलटने तीनदा 'गो अराउंड' म्हटलं, म्हणजे उतरू नका, वर घ्या, फेरी मारून परत या. कॅप्टनने ऐकलं नाही. धावपट्टी डोंगरमाथ्यावरची. पाचगणीच्या टेबललँडच्या कडेला जाऊन ज्याने खाली बघितलं आहे त्याला सांगायला नको की अशा धावपट्टीच्या पुढे काय असतं.

दहा वर्षांनी, 7 ऑगस्ट 2020 ला, कोळिकोडला तेच. पुन्हा डोंगरमाथा, पुन्हा 'गो अराउंड' म्हणणारा को-पायलट, पुन्हा धावपट्टी संपली. 21 जण गेले, दोन्ही वैमानिक त्यांत होते. कॅप्टन दीपक साठे मराठी माणूस, वायुदलातून आलेले, नावाजलेले. अपघात झाला तेव्हा आपण त्यांना वीर म्हटलं आणि वर्षभराने अहवाल आला तेव्हा नियम मोडणारा म्हटलं. मला दोन्ही अपुरं वाटतं. त्याच अहवालात पुढे काय आहे तेही वाचायला हवं. पाऊस, काचेवरचा वायपर बंद पडलेला, पाठीमागून वारा, चाकं टेकली तेव्हा जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे पडलेली, हे आहेच. पण कॅप्टनना दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच पुढचं विमान न्यायचं होतं, आणि त्या तळावर 26 को-पायलटांमागे कायमचा कॅप्टन एकच होता, हेही आहे. विमान दुसरीकडे नेलं असतं तर सकाळचं उड्डाण कोण करणार, हा विचार पावसात, अंधारात, बंद वायपरच्या मागे बसलेल्या माणसाच्या डोक्यात कुणी घातला? रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, लावणाऱ्या खोलीत पाऊस पडत नव्हता.

मंगळूरला तीनदा 'वर घ्या' म्हणणाऱ्या त्या को-पायलटचा विचार मी बाप म्हणून करतो. आपल्याकडे मोठ्यापुढे बोलू नये हे आपण पोरांना चालायच्या आधी शिकवतो. मीही शिकवलं. लेकीला मी एकदा विचारलं, कॅप्टनने ऐकलं नाही तर तू विमान हातात घेशील का? ती म्हणाली, "पुस्तकात घ्यायचं लिहिलंय. घेतलं आणि सगळं नीट उतरलं, तर नंतर मलाच विचारतील की घेतलंस कशाला." या एका वाक्यावर आपल्या कार्यालयाने एक दिवस बसून विचार करावा.

तंत्रज्ञांबद्दल तर कुणी बोलतच नाही, म्हणून मी बोलतो. 10 जून 1990 ला इंग्लंडमध्ये उड्डाण घेतलेल्या विमानाची कॉकपिटची काच 17,000 फुटांवर उडून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले, को-पायलटने विमान उतरवलं, सगळे वाचले, कॅप्टनही. आदल्या पहाटे ती काच बदलली होती. 90 बोल्टपैकी 84 बोल्ट अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त बारीक होते. बसवणारा माणूस अनुभवी होता, पाळीचा प्रमुख होता. माणसं कमी म्हणून त्याने काम स्वतःच घेतलं. जुना बोल्ट हातात धरून अंधुक उजेडात नजरेने जोड लावला, आणि तपासायला दुसरा माणूस नव्हता. त्या माणसाला मी चांगला ओळखतो, साहेब. तो पहाटे चारला प्रत्येक हँगरमध्ये असतो. वैमानिकाच्या झोपेवर निदान भांडण तरी चाललं आहे. त्याच्या झोपेवर तेही नाही. रडारसमोर बसणारे हवाई नियंत्रकही असेच रात्र जागतात.

26 एप्रिल 1993 ला औरंगाबादला विमान उडताना धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकवर आदळलं, 55 जण गेले. चौकशीत वैमानिकांनी नाक उशिरा उचलल्याचं आलं, आणि रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचंही आलं. रस्ता मोकळा ठेवायची जबाबदारीही माणसांचीच होती, फक्त ती विमानात बसलेली नव्हती.

आणि अहमदाबाद. 12 जून 2025, 260 माणसं. महिन्याने प्राथमिक अहवाल आला. इंधनाचे दोन्ही स्विच बंद स्थितीत गेल्याची नोंद आणि कॉकपिटमधल्या संभाषणाचे दोन तुकडे, कोण बोललं त्याचं नाव नाही. एवढ्यावर जगभरच्या वाहिन्यांनी मेलेल्या कॅप्टनला दोषी ठरवून टाकलं. त्या कॅप्टनच्या वृद्ध वडिलांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. तुमच्या मुलाला कुणी दोष देऊ शकत नाही, हे ओझं वाहू नका, असं न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये त्यांना सांगितलं. हे मंत्रालयाला आधी का सांगता आलं नाही? चौकशी चालू असेपर्यंत अशा बातम्यांना रोज, स्पष्ट शब्दांत उत्तर द्यायला हवं होतं. तो म्हातारा माणूस टीव्हीवर दिसला तेव्हा मी उठून टीव्ही बंद केला.

आता मागण्या. मी साधा माणूस आहे, आडवळण घेत नाही.

10 फेब्रुवारीनंतर या सवलतीला एक दिवसही मुदतवाढ देऊ नका. उड्डाणं कमी करावी लागली तर करा. रजा आणि साप्ताहिक विश्रांती वेगळी ठेवण्याची सूचना ताबडतोब परत आणा. पुढे कधी सूट द्यायचीच वेळ आली, तर झोपेच्या तज्ज्ञ डॉक्टरांचं लेखी मत घ्या आणि ते लोकांसमोर ठेवा.

थकव्याचा अर्ज कंपनीकडे जाईल तसा त्याच वेळी थेट आपल्याकडे यावा. कंपन्यांनी थकव्याचे अहवाल दर तीन महिन्यांनी आपल्याला द्यायचे, हे 2024 च्या नियमांत आहे. ते अहवाल कंपनीनिहाय प्रसिद्ध करा: अर्ज किती आले, किती मानले, किती फेटाळले. ज्या कंपनीत एकही अर्ज येत नाही, तिथे सर्वात आधी तपासणीला माणूस पाठवा. आणि अर्ज दिला म्हणून खुलासा मागणाऱ्याला जाब विचारा.

को-पायलटने सुरक्षेसाठी विमान हातात घेतलं तर त्याच्या नोकरीला आणि बढतीला धक्का लागणार नाही, असं महासंचालनालयाच्या सहीने लिहून द्या.

रात्रपाळीच्या तंत्रज्ञांना आणि हवाई नियंत्रकांना वैमानिकांइतकेच काटेकोर तास लावा.

प्रत्येक अपघाताच्या चौकशीत झोपेचा डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ सुरुवातीपासून असू द्या. अहवालात मागच्या महिन्याभराचं रोस्टर छापा, आणि ते रोस्टर ज्याने लावलं, ज्याने मंजूर केलं, त्याचाही जबाब छापा.

शेवटची मागणी आपल्या घरातली आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदीय समितीने दाखवून दिलं की महासंचालनालयातल्याच जवळजवळ निम्म्या जागा रिकाम्या आहेत. त्या भरा. माणसं कमी म्हणून त्या इंग्रजी तंत्रज्ञाने काच एकट्याने बसवली होती.

लेक सात वर्षांची असताना मी सुट्टीवर आलो होतो, तेव्हा तिला स्कूटरवर पुढे उभी करून कराडच्या धावपट्टीवर नेलं होतं. कुंपणापाशी दोन तास थांबलो, एक छोटं विमान उतरलं. परत येताना तिने विचारलं होतं, चालवणाऱ्याला झोप आली तर? मी म्हणालो, त्याची काळजी घेणारी माणसं असतात.

उत्तराची वाट बघतो. तिची पुढची रात्रीची ड्युटी येत्या मंगळवारी आहे.

आपला,
एक निवृत्त वायुदल तंत्रज्ञ,
ता. कोरेगाव, जि. सातारा
डिसेंबर 2025